सरावाच्या उड्डाणात गेलेल्या मुलाची आठवण कशी जपावी

माझं डीटीपी आणि बाइंडिंगचं दुकान अप्पा बळवंत चौकापासून चालत तीन मिनिटांवर आहे. प्रबंध, लग्नपत्रिका, दहाव्या-तेराव्याची कार्डं, वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिका, सगळं आमच्याकडं होतं. गेलेल्या माणसाबद्दल काय छापावं हा प्रश्न घेऊन माणसं माझ्यासमोर रोजच बसतात. पण गेल्या काही वर्षांत तीन घरं छपाईसाठी नाही, मला भेटायला म्हणून आली. तिघांचाही मुलगा सैन्यदलात होता आणि सरावात गेला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, त्या बाइंडिंगवाल्या ताईंचा भाऊ असाच गेला, त्यांच्याशी बोला.

माझा धाकटा भाऊ हवाई दलात फ्लाइंग ऑफिसर होता. वय २३. प्रशिक्षणाच्या विमानात इन्स्ट्रक्टरबरोबर होता, दिवसातली दुसरी सॉर्टी, म्हणजे दुसरं उड्डाण. दोघंही गेले. विमान कुठलं, तळ कुठला, तारीख कुठली हे मी इथं लिहीत नाही. मागच्या सीटवरच्या माणसाचंही घर आहे आणि त्या घराला न विचारता मी एकटीनं ते सगळं मांडणं बरोबर नाही.

तेव्हापासून एक वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. "युद्ध तर नव्हतं ना? मग गेला कसा?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या प्रश्नानं मुलगा एकदम लहान होतो, जणू कामावर नव्हताच, वाटेत कुठंतरी गेला. सराव हेच त्याचं काम होतं. लष्करी वैमानिक आयुष्यातले बहुतेक तास सरावातच उडतो. स्टॉल (पंखांची उचल सुटणं), स्पिन, फॉर्मेशन (दुसऱ्या विमानांना लागून उडणं), रात्रीचं उड्डाण, जमिनीलगतचं उड्डाण, हे सगळं शांततेच्या दिवसांत खऱ्या विमानात बसूनच शिकावं लागतं, त्याला दुसरी वाट नाही. म्हणून आठवण जपायची ती या कामासकट. त्या तीन घरांना जे सांगितलं, तेच खाली लिहिते.

पहिले काही दिवस

एक दोनशे पानी वही काढा आणि घरातल्या एकाच माणसाच्या हातात द्या. कोण अधिकारी आले, त्यांचं नाव आणि हुद्दा, कुणाचा फोन आला, कुणी काय सांगितलं, सगळं वेळेसह लिहायचं. त्या दिवसांत ऐकलेलं नंतर काही आठवत नाही. आमच्या वहीत एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, "सकाळी नाश्त्याला पोहे खाल्ले, दोनदा घेतले." हे त्याच्या कोर्समेटनं, म्हणजे बरोबर शिकणाऱ्या मित्रानं सांगितलं होतं. लिहिलं नसतं तर गेलं असतं. आई आजही ते पान काढून बघते.

वर्तमानपत्रांसाठी अर्धं पान स्वतः टाइप करून ठेवा. नाव, हुद्दा, वय, शाळा, कुठं शिकला, घरी कोण कोण. सोबत एक फोटो, तुम्ही निवडलेला. तुम्ही दिला नाहीत तर ते कुठून तरी उचलतात. आमच्याकडं मावसबहिणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला, बाजूची माणसं कापलेला फोटो छापून आला. एका ठिकाणी त्याला कॅप्टन केलं, दुसरीकडं पायलट ऑफिसर. हवाई दलात कमिशन मिळाल्यावरचा पहिला हुद्दा फ्लाइंग ऑफिसर, हे आपणच ठळक लिहून द्यायचं.

आता जे सांगते ते अवघड आहे, पण कुणीतरी सांगायला हवं. पेटी बंद येते. तिरंग्यात गुंडाळलेली, पुष्पचक्रं ठेवलेली, आणि बहुधा बंदच राहते. घरात कुणीतरी म्हणणारच, एकदा तोंड तरी बघू द्या. आमच्याकडं मामा म्हणाले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पेटीबरोबर त्याचा कोर्समेट आला होता, त्याच्याच वयाचा. त्याला मी गाडीमागं बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुझ्या आईला तू दाखवलं असतंस का?" त्यानं मान हलवली, नाही. मी आत जाऊन मामांना सांगितलं, नको. विचारायचं ते एका माणसानं, एकाच अधिकाऱ्याला, बाजूला नेऊन. आणि जे ठरेल त्यावर घरात पुन्हा चर्चा करायची नाही. आईला पेटीजवळ हवा तेवढा वेळ बसू द्या. आमच्या आईनं झाकणावरून हात फिरवला, थंडीत त्याच्या अंगावरची गोधडी सारखी करायची तसा. वैकुंठ स्मशानभूमीत सलामी झाली, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजलं, मग घडी केलेला तिरंगा बाबांच्या हातात दिला. ध्वज चितेवर जात नाही, तो आधीच काढून घेतात. हे घरातल्या मोठ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी गैरसमज होतो. घरी आल्यावर ती घडी धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पुण्याच्या पावसाळ्यात आत दमट होऊन डाग पडतात.

ट्रंक येते तेव्हा

युनिटमधलं सामान थेट पाठवून देत नाहीत. १९५० च्या एका कायद्यानुसार कमिटी ऑफ अॅडजस्टमेंट बसते. मेसचं बिल, इतर देणी-घेणी मिटवून, प्रत्येक वस्तूची यादी करून उरलेलं घरच्यांच्या ताब्यात देतात. याला आठवडे लागतात, कधी महिने. ट्रंक आली की सगळ्यांत आधी त्या यादीची प्रत काढा. यादी कोरडी वाटते. आमच्या यादीत "मोजे, काळे, ७ जोड" होतं. पण त्याच्या खोलीत काय काय होतं याचा तोच एकमेव कागद आहे.

मग ट्रंक उघडायची, पण रिकामी करायची नाही. आधी फोटो. झाकण उघडल्यावर वरून, मग थराथरानं. ज्या क्रमानं ठेवलंय तो क्रम कुणा मित्राच्या हातचा असतो. कपडे लगेच धुवायला टाकू नका. मी एक ओव्हरऑल धुतलं, कारण कॉलरला घामाचा डाग होता आणि पाहुणे यायचे होते. त्याचं वाईट अजून वाटतं. एक तरी कपडा तसाच, सुती कापडात गुंडाळून ठेवा.

कागदांच्या बाबतीत मी माझ्या धंद्याचं सांगते. लॅमिनेशन करू नका. लॅमिनेशन करणारी मीच आहे, दिवसाला पन्नास करते, तरी सांगते, जपायचा कागद त्यात घालू नका. तो पुन्हा बाहेर निघत नाही. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी होऊन डाग सोडते. फाटलेलं पान जोडायचं तर पातळ जपानी टिश्यू आणि ताजी शिजवलेली गव्हाची खळ. आम्ही बाइंडर लोक खळीत किडीसाठी मोरचूद घालतो, ते मात्र यात नको, कालांतरानं कागद खातं. फोटोच्या मागं बॉलपेननं लिहू नका, मऊ पेन्सिलीनं लिहा. कोण, कुठं, कधी. "मित्रांसोबत" असं लिहून काही उपयोग नाही. वीस वर्षांनी ते मित्र कोण हे सांगणारं कुणी नसेल.

आणि लॉगबुक. वैमानिकाची उड्डाणांची वही. ती घरी आली तर तिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ असते. तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, बरोबर कोण, कुठला सराव, किती वेळ, दिवसा की रात्री, इन्स्ट्रक्टरबरोबर की एकट्यानं. आमच्या धाकट्याचं अक्षर शाळेपासून गिचमिड. पण लॉगबुकात प्रत्येक आकडा सुटा, सात आडव्या रेघेचा, शून्य बंद. पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्यानं केलेल्या उड्डाणाच्या ओळीशी त्यानं काहीच खूण केलेली नाही, नुसतं इतरांसारखं लिहिलंय. फक्त पेन बदललंय, ती एकच ओळ शाईच्या पेननं आहे. बाबांनी बारावीच्या निकालाला दिलेलं पेन. ते आमच्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

शेवटची ओळ त्याच्या हातची नाही. दुसऱ्या कुणीतरी, तिरप्या अक्षरात भरली आहे. सॉर्टी पुरी झाली नाही, तरी ओळ पुरी केली आहे.

लॉगबुक वाचायला शिका. मी त्याच्या कोर्समेटला दुकानात बसवून, चहा पाजून, एकेक संक्षेप विचारून घेतला आणि समोरच्या कोऱ्या पानांवर नाही, वेगळ्या वहीत मराठीत लिहून काढला. मूळ वहीत एक टिंबही घालायचं नाही. तीन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी बाबाही येऊन बसले आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "स्पिन म्हणजे नक्की काय करतात?" तो मुलगा उठला, टेबलावरचा कोरा कागद घेतला, त्याचं विमान केलं आणि हातात फिरवत दाखवलं, पंख कसा बसतो, नाक कसं खाली जातं, उलट्या बाजूचा रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, कसा द्यायचा, फिरणं थांबलं की मग हळूच वर कसं घ्यायचं. बाबा पोस्टात होते, आयुष्यात दोनदा विमानात बसलेले. त्यांनी ते कागदी विमान खिशात घातलं. आपला मुलगा रोज सकाळी उठून काय करत होता हे त्यांना त्या दिवशी समजलं.

स्कॅन करायचं तर ६०० डीपीआयला, रंगीत, टिफ फाइलमध्ये. कोरी पानंही करा. तीन प्रती, तीन वेगळ्या घरी.

फोन, नंबर, आवाज

हे लवकर करावं लागतं म्हणून वेगळं लिहिते. रिचार्ज बंद पडला की काही महिन्यांनी नंबर दुसऱ्या कुणाला तरी जातो. व्हॉट्सअॅप खातं १२० दिवस वापरात नसलं की मिटवलं जातं. तुमच्या फोनमधले त्याचे व्हॉइस मेसेज आजच बाहेर काढून ठेवा. मित्रांकडून फोटो मागवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नुसते फोटो म्हणून पाठवले की बारीक होतात, मोठे छापता येत नाहीत. त्याचा फोन मिळाला आणि पासवर्ड माहीत नसला तर अंदाजानं मारत बसू नका.

आणि सगळं वाचायचं नाही. तो २३ वर्षांचा होता. त्याचं त्याचं काही असणारच. मी त्याच्या एका मैत्रिणीचं बोलणं चार ओळी वाचून बंद केलं आणि तिला फोन करून विचारलं, हे तुला पाठवू का. तिला हवं होतं.

माणसांकडून मागून घ्यायचं

"त्याच्याबद्दल दोन शब्द लिहून द्या" असं सांगितलं की सगळे एकच लिहून देतात. हसतमुख, मनमिळाऊ, सगळ्यांना मदत करणारा. माझ्या दुकानात छापलेल्या शंभर पुस्तिकांत हेच आहे आणि ते खरंही असतं, पण त्यात माणूस दिसत नाही. प्रश्न बारीक विचारा. त्याच्या खोलीच्या भिंतीवर काय होतं? मेसमध्ये कुठल्या भाजीला नाक मुरडायचा? पैसे उसने घ्यायचा की द्यायचा? इन्स्ट्रक्टर ओरडल्यावर काय करायचा? शेवटचं भांडण कशावरून झालं?

खडकवासल्याच्या तीन वर्षांतले मित्र सगळ्यांत जास्त सांगतात. आमच्यासाठी एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, सिंहगडला जाताना दिसणारा घुमट होता. त्यांच्याकडून कळलं की पीकॉक बेमध्ये, म्हणजे त्यांच्या होड्यांच्या सरावाच्या जागी, होडी उलटली तेव्हा हा पाण्यात पडून मोठ्यानं हसत होता म्हणून त्याला शिक्षा झाली. सुपर डिमोना ग्लायडरमधून पहिल्यांदा वर गेला तेव्हा खाली उतरून कुणाशी बोललाच नाही, रात्री दिवे गेल्यावर अंधारात म्हणाला, "धरण केवढंसं आहे रे." हे वाक्य आमच्या घरात आता म्हण झालंय. पासिंग आउटला त्यानं अंतिम पग, म्हणजे संचलनातली शेवटची पायरी, ओलांडला तेव्हा आम्ही गर्दीत होतो, पण आम्हाला तो दिसला नव्हता. दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांनी काढलेल्या व्हिडिओत तो सापडला, सहा सेकंद.

हे पहिल्या वर्षातच मागा. पोस्टिंग बदलतात, लग्नं होतात, लोकांना बोलायचं असतं पण वेळ राहत नाही. आणि मागताना एक सांगा, वाईटही चालेल.

कुठला शब्द

प्रूफ तपासणारीचं सगळ्यांत आवडतं काम, आणि इथं सगळ्यांत जास्त चुका होतात.

लोक शहीद म्हणतात, हुतात्मा म्हणतात. प्रेमानं म्हणतात, त्यांना तिथल्या तिथं दुरुस्त करू नका. पण तुमच्या हातानं जे कोरलं जाणार, छापलं जाणार, तिथं अचूक लिहा. २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढं संरक्षण आणि गृह मंत्रालयानं सांगितलं की शहीद असा अधिकृत शब्द सैन्यदलांत किंवा पोलिसांत नाही. कागदावर बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतला बळी) असते, आणि सरावातल्या मृत्यूची नोंद सहसा त्यात होत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचं उद्घाटन २५ फेब्रुवारी २०१९ ला झालं. तिथल्या त्यागचक्रातल्या विटांवर लढाईत आणि लष्करी कारवायांत कामी आलेल्यांची नावं आहेत. आपल्या मुलाचं नाव तिथं शोधायला जाऊ नका. बाबा गेले होते. कुठून कुठवर भिंत वाचत गेले ते मी इथं सांगणार नाही.

आम्ही ठरवलेला मजकूर असा: "हवाई प्रशिक्षणाच्या उड्डाणात, कर्तव्यावर असताना मृत्यू." त्यात वाढवलेलं काही नाही आणि लपवलेलंही नाही. नुसतं "अपघाती निधन" लिहिलं तर तो विमानात काय करत होता तेच निघून जातं.

माझी एक चूक सांगते. पहिल्या वर्षी आमच्या भागातल्या एका मंडळानं कार्यक्रम केला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर पुढाऱ्यांचे चेहरे त्याच्या चेहऱ्यापेक्षा मोठे. सूत्रसंचालकानं माइकवर सांगितलं, शत्रूशी झुंजताना धारातीर्थी पडलेला आपला वीर. टाळ्या झाल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते, उठले नाही, बोलले नाही, वाटलं लोक प्रेमानं आलेत. घरी येताना आई रिक्षात म्हणाली, "हा दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा होता गं." त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमाला हो म्हणण्याआधी मी परिचयाचा मजकूर स्वतः टाइप करून देते आणि फ्लेक्सची फाइलही माझ्याच दुकानातून जाते.

फ्लेक्सवरचं एक बारीकसं. हवाई दलाचं ब्रीदवाक्य "नभःस्पृशं दीप्तम्" असं आहे, गीतेच्या अकराव्या अध्यायातल्या चोविसाव्या श्लोकातलं. विसर्ग, अनुस्वार, पाय मोडलेला म, तिन्ही बघून घ्या. मी ते "नभ स्पर्शम" असं छापलेलं इतक्यांदा पाहिलंय. आणि मराठीत लिहिताना भारतीय हवाई दल लिहा, आपला शब्द तोच आहे.

पाटीवर किती लिहावं हे मला खडकीच्या कॉमनवेल्थ दफनभूमीत समजलं. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथं आहेत, सगळे दगड एका मापाचे, अधिकारी असो की शिपाई. ती सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेचा नियम असा की ठरवलेल्या काळात सेवेत असताना मेलेला प्रत्येक जण धरायचा, मग तो गोळीनं गेला, तापानं गेला की सरावाच्या विमानात गेला. कारणावरून दगड वेगळा होत नाही. एका रविवारी आई, बाबा आणि मी तिथं दोन तास फिरलो. आई इंग्रजी अडखळत वाचते, पण वय तिला वाचता येत होतं. वीस. बावीस. एकोणीस. प्रत्येक दगडापाशी ती थांबली.

त्या दगडांवर खाली घरच्यांची एक ओळ असते. पहिल्या महायुद्धानंतर त्या ओळीला ६६ अक्षरांची मर्यादा घातली होती, मधल्या मोकळ्या जागा धरून. ती मर्यादा तुम्हीही पाळा. बाबांनी अकरा मसुदे केले. पहिल्यात गरुडझेप होती, आकाशाला गवसणी होती. शेवटी शाळेच्या वाचनालयातल्या कपाटावरच्या पितळी पाटीवर नाव, हुद्दा, दल, वय, वरचा मजकूर आणि खाली ही ओळ बसली: "पहाटे निघताना कडी वाजू द्यायचा नाही."

दोन नावं

प्रशिक्षणाच्या विमानात दोघं असतात. पाटी असो, पुस्तिका असो, कार्यक्रम असो, दुसरं नाव घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. मात्र आधी त्या घराला विचारा. पहिल्या वर्षी आमच्या मनात राग होता, खोटं कशाला बोलू. शिकवणाऱ्यानं वाचवायला हवं होतं असं वाटायचं. मग त्यांच्या पत्नीचा फोन आला. हिंदीत बोलल्या. म्हणाल्या, ते घरी येऊन तुमच्या भावाबद्दल सांगायचे, हा मुलगा प्रश्न फार विचारतो. आता दर वर्षी त्या दिवशी सकाळी सात वाजता आधी मी त्यांना फोन करते, मग आमचा दिवस सुरू होतो. त्यांची मुलगी आता सातवीत आहे.

चौकशी

प्रत्येक अपघाताची कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते. तिला वेळ लागतो, आणि अहवाल सहसा उघड होत नाही. लेखी विचारा, पोच घ्या, प्रत ठेवा, आणि उत्तर येईपर्यंत चूक कुणाची यावर बाहेर बोलू नका, गेलेल्या वैमानिकाला उलट उत्तर देता येत नाही. विचारायचा हक्क मात्र सोडू नका. २००१ मध्ये सूरतगडला मिग-२१ च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले, तेव्हा त्यांच्या आईवडिलांनी उघडपणे प्रश्न विचारले.

अशा प्रश्नांची उत्तरं किती हळू येतात तेही माहीत असू द्या. किरण या प्रशिक्षण विमानावरून थेट मिग या लढाऊ विमानावर जाणाऱ्या मुलांसाठी मधलं प्रगत प्रशिक्षण विमान हवं अशी शिफारस १९८२ मध्ये झाली होती. करार झाला २००४ मध्ये आणि हॉक ही तशी विमानं बिदरला रीतसर दाखल झाली २००८ मध्ये. एचपीटी-३२ या सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या विमानात इजेक्शन सीटच, म्हणजे वैमानिकाला बाहेर फेकून वाचवणारी सीट, नव्हती. २००९ च्या अपघातात दोन वैमानिक गेल्यावर ते बंद झालं, आणि २०१३ मध्ये पिलाटस आलं, त्यात ती सीट आहे. हे मी बाबांना एका कागदावर तारखांसह लिहून दिलं. आधीच्या कुणाच्या तरी मुलाच्या चौकशीमुळं आपला मुलगा थोड्या बऱ्या विमानात बसला असेल, आणि आपल्यामुळं पुढचा बसेल, एवढं त्यांना त्यातून धरता आलं.

दिवस कुठला पाळायचा

श्राद्ध तिथीला, फोन तारखेला. दोन्ही ठेवा, दोन्हींची माणसं वेगळी असतात. त्याचा वाढदिवस सोडू नका. लोक पहिली दोन वर्षं येतात, मग कमी होतात. तिसऱ्या वर्षी कोण आलं नाही याची यादी मनात करू नका.

आम्ही धानोरीला राहतो, लोहगावच्या धावपट्टीजवळ. सुखोई लढाऊ विमान गेलं की खिडक्या थरथरतात. तिथंच लहानपणी गच्चीवर उभा राहून त्याला वेड लागलं. नंतर पुष्कळांनी सांगितलं, घर बदला, आईला त्रास होईल. आईनं नाही म्हटलं. विमान गेलं की ती हातातलं काम थांबवते, आवाज पूर्ण जाईपर्यंत उभी राहते, मग गॅस पुन्हा मोठा करते. तुमच्या घरात असं काही असेल तर ते बंद करायला लावू नका.

ट्रंक आम्ही वर्षातून एकदा उघडतो, पाऊस संपल्यावर, खंडेनवमीला. ८ ऑक्टोबरचा हवाई दल दिनही बहुधा मागंपुढं असतो. आदल्या दिवशी मी दुकानातलं कटिंग मशीन पुसून, तेल घालून ठेवते. सकाळी ट्रंकेतली सिलिका जेलची पाकिटं बदलायची, कापडं उन्हात नाही, सावलीत वाऱ्याला टाकायची, कसर लागली का बघायचं. मग लॉगबुक घेऊन दुकानात जायचं. मशीनला झेंडूचा हार, पात्याला हळदकुंकू, शेजारी पाटावर स्वच्छ कापड, त्यावर लॉगबुक. लॉगबुकाला हळदकुंकू लावायचं नाही, डाग पडतो. बाबा फूल त्याच्या बाजूला ठेवतात, एक त्याचं, एक इन्स्ट्रक्टरांचं.